लग्न झालं, आता अभ्यास कशाला?

दंडवत प्रणाम मंडळी! वणीतल्या आमच्या घरी नमस्काराऐवजी असंच म्हणतात, कारण आम्ही महानुभाव.

मी घरून कोडिंग करतो, बायको मराठीत एमए करतेय. सकाळी दोघांचं नामस्मरण होतं, मग ती पुस्तक उघडते, मी लॅपटॉप. घरात मांस-दारू नाही. भक्ती फक्त पंचकृष्णांची: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर. शेजारच्या गणपतीला बोलावलं तर जाऊन बसतो, पण पूजा करत नाही. काही जण रुसतात, मग विसरतात.

खरी ओढाताण वेगळीच. नातेवाईक विचारतात, "लग्न झालं, आता परीक्षा कशाला?"

तर राजेहो, उत्तर पंथातच आहे. 13व्या शतकात महदाइसा चक्रधर स्वामींना प्रश्नांवर प्रश्न विचारायची आणि स्वामी तिला मराठीत समजावून सांगायचे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त ते जपून ठेवलं. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर 'धवळे' रचणारी महदाइसा मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. पंथाने बायकांना संन्यासही दिला. म्हणजे आमच्याकडे बाईचं शिकणं धर्माच्या आड येत नाही, ते धर्मातलंच आहे.

पुढच्या महिन्यात तिचे पेपर आहेत. तेवढे दिवस स्वयंपाक माझ्याकडे.