नव्याने जोडलेल्या घरगुती संगणकातील प्रारंभदोष : निदानाचा क्रम

सुटे भाग आणून संगणक घरीच जोडणे किफायतशीर ठरते. परंतु तो सुरूच झाला नाही, तर दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या गावातून प्रत्येक संशयित भाग बदलण्यासाठी पुण्यास खेपा घालणे परवडत नाही. म्हणूनच निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

पंखाही फिरत नसेल, तर प्रथम सॉकेटमधील २३० व्होल्टचा पुरवठा, एसएमपीएसचे मागील बटण, मदरबोर्डची २४ पिनांची जोडणी व पॉवर स्विचची तार तपासावी. पंखे फिरूनही पडदा काळाच राहिल्यास प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची स्वतंत्र जोडणी पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसविले असल्यास मॉनिटरची केबल त्यालाच जोडावी. त्यानंतर रॅमची एकच पट्टी पक्की बसवून पाहावी. प्रारंभी संगणक ‘पोस्ट’ ही स्वयंचाचणी करतो. तीतील बीप अथवा मदरबोर्डवरील दिवे दोषस्थान सुचवितात. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

प्रत्येक बदलापूर्वी वीजजोडणी काढावी व एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा संगणक सुरू झाला तरी दोष कोणता होता, हे कळत नाही. एसएमपीएस मात्र उघडू नये. वीज तोडल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.