जुन्या फोर व्हील जीपचे दुखणे : आधी ओळखा, मग खोला

आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना बुलढाणा जिल्ह्यात दोन प्रकारच्या वाटांना तोंड द्यावे लागते. एकीकडे राजूर घाटाचा चढ, दुसरीकडे पूर्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला कापडाचे गठ्ठे घेऊन जायचे तर जुनी फोर व्हील जीप आजही उपयोगी पडते. महिंद्रने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या जातीच्या गाड्या दणकट असतात, पण त्यांचे दुखणे ओळखता आले नाही तर त्या गल्ला रिकामा करतात.

पुष्कळदा असे होते की आवाज आला की थेट गिअरबॉक्सच खाली उतरवला जातो. चार दिवस गाडी उभी राहते, बाजार हुकतो, आणि शेवटी दोष निघतो एका लहानशा क्रॉसचा. यात ग्राहकाचे नुकसान होतेच, शिवाय मिस्त्रीचेही नाव खराब होते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हा त्रास नेहमी होतो, की फक्त फोर व्हील लावल्यावर? नेहमी होत असेल तर आधी मागचा शाफ्ट व मागचे डिफरन्शियल पाहावे. फक्त फोर व्हीलमध्ये होत असेल तर ट्रान्सफर केस, पुढचा शाफ्ट किंवा पुढचे डिफरन्शियल पाहावे. एवढ्याने निम्मे काम होते.

लिव्हर अडकणे : या गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे मधले डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर निघत नाही. शाफ्टला पीळ बसतो, स्टीअरिंग जड होते आणि लिव्हर निघत नाही. अशा वेळी लिव्हरवर हातोडी मारू नये. गाडी सरळ रेषेत चार-सहा फूट मागे घ्यावी, क्लच दाबून लिव्हर काढावा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तरी असाच पीळ बसतो. चारही टायर सारख्या मापाचे ठेवावेत.

पुढची चाके न ओढणे : ज्या गाडीला फ्री व्हील हब आहेत तिथे आधी दोन्ही हब लावलेले आहेत का ते पाहावे. मग मागच्या चाकांना दगड लावून, इंजिन बंद करून, गाडी फोर व्हीलमध्ये व गिअरमध्ये ठेवावी. पुढचे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले तर एखादे हब धरत नाही असे समजावे.

क्लच सोडताना ‘टक्’ आवाज किंवा वेगात थरथर : बहुधा शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. गाडी सपाट जागी अडवून शाफ्ट हाताने पिळून पाहावा. खेळ लागला तर क्रॉस बदलावा. खेळ नसेल तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

खड्ड्यानंतर स्टीअरिंग लटपटणे : पुढचे चाक उचलून वर-खाली हलवावे. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिले आहे, राहिला तर किंगपिन. आडवे हलवताना खेळ दिसला तर टाय रॉड एंडही तपासावेत.

तेल : नाला ओलांडल्यावर डिफरन्शियलचे तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. ते लगेच बदलावे आणि ब्रीदर साफ करावा, कारण तो तुंबला की सीलमधून तेल बाहेर पडते. जुन्या विलीज जातीच्या जीपमध्ये गिअरबॉक्सचे तेल मधल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये उतरते. म्हणून दोन्हींची पातळी वेगवेगळी पाहावी.

लो गिअर उडणे : आधी माउंटिंगचे रबर व लिव्हरचे सांधे, मग ट्रान्सफर केसमधली स्प्रिंग-गोळी, आणि गिअर अगदी शेवटी.

जुनी जीप विकत घेणाऱ्यांनी सौदा ठरण्याआधी ह्या तपासण्या करून घ्याव्यात. जॅक, टॉर्च आणि अर्धा तास एवढेच लागते. गॅरेजवाल्या कारागीर भावांनी काढलेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्यावा आणि दोष कुठे होता ते दाखवावे. ज्याला दोष दिसला, तो मजुरीसाठी घासाघीस कमी करतो आणि पुढच्या वेळी त्याच दुकानात येतो.