वायर पुढे जाते, ज्वाला थांबते

सुरतेतील बमरोली आणि लगतची पांडेसरा औद्योगिक वसाहत हा यंत्रमाग व रंगाई-छपाईचा पट्टा आहे. अशा कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात जेथे ज्वलनशील द्रावके किंवा वायू हाताळले जातात, तेथे स्फोटक मिश्रण किती वारंवार व किती वेळ असते यानुसार जागेचे झोन 0, 1 आणि 2 असे वर्गीकरण करतात.

अशा जागी विजेची उपकरणे ठेवण्याची फ्लेमप्रूफ पेटी आतला स्फोट टाळत नाही, तर तो पोटात सामावून घेते आणि तापलेले वायू अरुंद फटींतून थंड करूनच बाहेर सोडते. मात्र पेटीला जोडलेला कंड्युइट, म्हणजे वायरी नेणारा पाइप, मोकळा राहिल्यास ज्वाला त्यातून पुढे धावते आणि समोरचा न जळलेला वायू दाबत गेल्याने पुढचा स्फोट अधिक तीव्र होतो. म्हणून अमेरिकी विद्युत संहितेनुसार पेटीपासून 450 मिलिमीटरच्या आत सील बसवतात. त्यासाठी वायरी एकमेकींपासून सुट्या करून, तंतूंचा बांध घालून, वर किमान 16 मिलिमीटर जाडीचे कंपाउंड ओततात.

भारतात कंड्युइटऐवजी आर्मर्ड केबल व ती पेटीत शिरते तेथे बसवायची डबल कॉम्प्रेशन ग्लँड अधिक रूढ आहेत. परंतु ग्लँड केबलला बाहेरून आवळते, आतल्या गाभ्यांमधील (इन्सुलेटेड तारांमधील) पोकळी बुजवत नाही, त्यामुळे गरजेनुसार प्रत्येक गाभ्याभोवती कंपाउंड भरणारी बॅरियर ग्लँड वापरावी लागते. पेट्रोलियम क्षेत्रातील अशा उपकरणांना नागपूरस्थित ‘पेसो’ची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता आवश्यक असते.