एक विकर, दोन व्याधी

स्मृतिभ्रंशावरील औषधांविषयी एक लेख संपादकांनी मागितला, तेव्हा एखाद्या संशोधनसंस्थेचा परिचय लिहावा असे माझ्या मनात होते. परंतु या विषयाचे जे दफ्तर वाचनात आले त्यात एकच नाव, कधी व्याधीचे मूळ म्हणून तर कधी औषधाचे लक्ष्य म्हणून, इतक्या वेळा समोर येऊ लागले की अखेरीस संस्था बाजूला राहिल्या आणि माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अहोरात्र राबणाऱ्या त्या विकराचाच परिचय करून द्यावा असा निश्चय झाला. त्या विकराचे नाव गॅमा-सिक्रिटेज.

त्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी एका मृत स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या विचित्र साक्यांचे वर्णन ट्यूबिंगेन येथील सभेपुढे मांडले. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी अमिलॉइड नामक त्या द्रव्यातील प्रथिनखंड ओळखला. १९८७ साली ज्या मोठ्या प्रथिनापासून तो निघतो त्याचे जनुक सापडले. हा खंड मोकळा होण्यासाठी मूळ प्रथिनावर दोन घाव पडावे लागतात. पहिला पेशीपटलाच्या बाहेर पडतो आणि तो बीटा-सिक्रिटेज हे दुसरे विकर घालते. दुसरा पटलाच्या आत पडतो, आणि तो घालणारे गॅमा-सिक्रिटेज म्हणजे नेमके कोणते प्रथिन याचा शोध पुष्कळ वर्षे चालला. १९९५ साली टोरांटो येथील पीटर सेंट जॉर्ज-हिस्लॉप यांच्या गटाने, ऐन उमेदीच्या वयातच स्मृती हरपणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून प्रेसेनिलिन हे जनुक शोधले, आणि १९९८ साली बेल्जियममधील बार्ट दे स्ट्रूपर यांनी, ज्या उंदरांत प्रेसेनिलिन-१ नाही त्यांच्या चेतापेशींत हा दुसरा घाव अगदी मंदावतो, हे दाखवून दिले.

येथवर इतिहास झाला. मला खिळवून ठेवले ते विकराच्या रचनेने. प्रथिनाची साखळी तोडावयाची म्हणजे तिच्या बंधात पाण्याचा रेणू घालावा लागतो, आणि पेशीपटलाचा गाभा तर स्निग्ध, पाण्याला थारा न देणारा. तेव्हा अशा ठिकाणी ठाण मांडून पाण्यावाचून न होणारे काम करणारे विकर असू शकेल यावर अनेक जाणत्यांचा विश्वास बसेना. १९९९ साली मायकेल वुल्फ, डेनिस सेल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की प्रेसेनिलिनच्या साखळीत २५७ व ३८५ या क्रमांकांवर असलेल्या दोन अस्पार्टिक आम्लांपैकी कोणतेही एक बदलले की कातरणे थांबते. ही दोन आम्ले पटलाच्या आत समोरासमोर येतात आणि पाण्याच्या रेणूकडून हे काम करवून घेतात. प्रेसेनिलिन मात्र एकटे काही करू शकत नाही. निकास्ट्रिन, एपीएच-१ आणि पेन-२ ही तीन प्रथिने त्याच्या जोडीला लागतात. चौघे मिळून पटल वीस वेळा ओलांडतात, आणि ही जुळणी पुरी झाली की प्रेसेनिलिन प्रथम स्वतःलाच दोन भागांत तोडते व मगच कामावर रुजू होते. २०१५ साली बीजिंगच्या यिगाँग शी यांच्या गटाने, केंब्रिजच्या सहकाऱ्यांसह, गोठविलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून या चौकडीचे अणूंच्या पातळीवरील चित्र मिळविले. २०१९ च्या चित्रांत तर आत शिरलेल्या प्रथिनाचे वेटोळे नेमक्या घावाच्या जागी उलगडून सरळ झालेले स्पष्ट दिसते.

कातरणे एका घावात संपत नाही, हे याहून नवलाचे. पहिला घाव पटलाच्या आतल्या काठाशी पडून ४९ किंवा ४८ अमिनो आम्लांचा खंड उरतो. मग, अडकित्त्याच्या पात्यांत सुपारी थोडथोडी पुढे सारीत कातरावी तसे, हे विकर त्याच खंडाला बहुधा तीन-तीन आम्लांनी आखूड करीत जाते, ४९ वरून ४६, ४३ आणि ४० वर, अथवा ४८ वरून ४५, ४२ आणि कधी ३८ वर. चाळीस आम्लांचा खंड त्या मानाने निरुपद्रवी. बेचाळीसचा मात्र चिकट, त्याचे पुंजके होतात आणि तेच साक्यांच्या मुळाशी असतात. कोलंबियातील अँटिओकिया प्रांतात ज्या मोठ्या कुळात चव्वेचाळिशीच्या आसपासच विस्मरण सुरू होते, त्यांच्या प्रेसेनिलिनमध्ये एकाच आम्लाचा बदल आहे. अशा आनुवंशिक बदलांनी विकराची पकड ढिली होते आणि खंड पुरा आखूड होण्याआधीच निसटतो. म्हणजे निदान या कुळांत तरी, ज्या विकराला आपण अतिउद्योगी समजत होतो ते काम अर्धवट सोडणारे निघाले. आणि औषध कोणते शोधावे हा प्रश्न तेथेच पालटला.

कारण औषधे शोधली गेली ती विकराला थांबविणारी. येथून अडचणींची जी मालिका सुरू होते ती अद्याप संपलेली नाही. या विकरापुढे शंभराहून अधिक निरनिराळी प्रथिने येतात, आणि त्यांतील नॉच हे पेशीने काय व्हावे याचा निरोप तिच्या केंद्रकापर्यंत पोचविणारे; विकराने ते कातरल्यावाचून निरोप सुटत नाही. एलाय लिली कंपनीच्या सेमागासेस्टॅट या औषधाच्या शेवटच्या टप्प्यातील चाचण्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर चालू असताना, ऑगस्ट २०१० मध्ये, अचानक थांबविण्यात आल्या. ज्यांना औषध मिळाले होते त्यांची बुद्धी आणि दैनंदिन व्यवहार ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांच्याहून अधिक ढासळले होते, शिवाय त्वचेचे कर्करोग आणि जंतुसंसर्गही त्यांच्यातच अधिक आढळले. स्मरण टिकावे या आशेने जे रुग्ण आणि जे आप्त या चाचणीस राजी झाले, त्यांच्या पदरी आलेला हा निकाल वाचताना मन विषण्ण होते.

जो रोध मेंदूला मानवला नाही तोच अन्यत्र उपकारक ठरला. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या नॉच-१ जनुकात बदल असतात, असे २००४ साली निष्पन्न झाले, तेव्हा विकर रोखून तो कर्करोग रोखता येईल अशी उमेद उत्पन्न झाली. पण नॉच सर्वत्र बंद होताच आतड्याच्या अस्तरातील पेशी श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींत बदलत जातात आणि अतिसार रुग्णाला जर्जर करतो. यश आले ते डेस्मॉइड या अर्बुदात, जे शरीरात दूरवर पसरत नाही पण भोवतालच्या स्नायूंत घुसत जाते. १४२ रुग्णांच्या चाचणीत, हे विकर रोखणारे निरोगासेस्टॅट हे औषध घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के रुग्णांत अर्बुद लक्षणीय आकसले, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तरीही या चाचणीत औषध घेतलेल्या, अपत्यक्षम वयाच्या दर चार स्त्रियांपैकी तिघींच्या अंडाशयांचे कार्य बिघडले, आणि त्यांतील पुष्कळजणींचे ते पुढे सुधारले असले तरी ही किंमत लहान नव्हे.

डेस्मॉइडच्या वेदनेने गांजलेला रुग्ण हे सारे तोलून औषध स्वीकारू शकतो, कारण त्याचे दुखणे आजचे असते. स्मृतिभ्रंशाची गोष्ट निराळी. अमिलॉइड साचू लागते ते लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी, म्हणून औषधही त्याच काळात, धडधाकट माणसाला, रोज आणि वर्षानुवर्षे द्यावे लागेल. त्यासाठी विकराला न थांबविता त्याला खंड अधिक आखूड करावयास लावणारी आणि नॉचला हात न लावणारी औषधे घडविली जात आहेत. त्यांतील पहिले, टॅरेनफ्लर्बिल, २००८ साली अपयशी ठरले. ते फार दुबळे होते आणि मेंदूत पुरेसे पोचतही नव्हते. पुढची अधिक प्रबळ आहेत, परंतु माझ्या मते त्यांचा फैसला प्रबळतेवर होऊ नये. अँटिओकियातील तिशीच्या निरोगी मनुष्याला आपण ज्या दिवशी ही गोळी हाती देऊ, त्या दिवशी शंभर प्रथिनांचे त्याचे दैनंदिन कामकाज अबाधित राहील याची खात्री आपल्यापाशी असली पाहिजे. ती होईपर्यंत आणखी वर्षे लागली तरी ती लावावी, कारण घाईची किंमत यापूर्वी एकदा रुग्णांनीच मोजली आहे.