मानेची गादी आणि मानेतील इंजेक्शन



ऊस नोंदीला येणारे काहीजण मान धरूनच येतात. "साहेब, मणक्यात गॅप पडलाय, सुई घेतली की झालं ना?" असे विचारतात. आम्ही काही डॉक्टर नाही. पण समजून घेतले ते सांगतो.

मानेत 7 मणके असतात. त्यांच्यामधली गादी सरकून नसेवर दाबली की कळ दंडातून बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात. औषध, व्यायाम आणि डोक्यावरचे ओझे बंद केल्याने बहुतेकांचे दुखणे दीड ते तीन महिन्यांत ओसरते. न ओसरल्यास तज्ज्ञ डॉक्टर क्ष-किरण यंत्रावर बघून नसेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. कापाकापी नाही. नसेची सूज उतरते; गादी मात्र जागेवर जात नाही. आराम काही आठवडे, काही महिने. सर्वांनाच पडतो असेही नाही. गावात दंडाला टोचतात ती सुई ही नव्हे. मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. या इंजेक्शनने रक्तातील साखर काही दिवस वाढते.

हातातून कोयता निसटू लागला, चाल अडखळली, लघवीवरचा ताबा गेला, तर मान मोडून घेत बसू नका. नांदेडचे विष्णुपुरी किंवा लातूरचे सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. तोड चार दिवस लांबली तरी चालते. दबलेली नस थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी