चेहऱ्याची भर आणि रक्ताची वाट

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एका मराठी माणसाची हकीकत त्याच्या चित्रासह छापून आली. त्याचें नांव कावसजी. इंग्रजांच्या फौजेंत तो बैल हांकण्याचें काम करीत असे. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापून टाकण्यांत आले. सुमारें एक वर्ष तो तशाच स्थितींत वावरला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नवें नाक बसवून दिलें. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिल्याची नोंद आहे.

त्या कारागिराची युक्ति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रथम त्यानें मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकाच्या जागेवर बसवून माप घेतलें. तो पत्रा कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेनें रेघ ओढली, रेघेवरून कातडी सोडविली आणि ती फिरवून नाकाच्या जागीं बसविली. मात्र दोन भुवयांच्या मध्यें कातडीचा एक देठ त्यानें कापला नाहीं. सुमारें पंचवीस दिवसांनीं, कातडी नव्या जागीं रुजल्यावर, तो देठ तोडण्यांत आला. ह्या देठांतून कातडीला रक्त मिळत होतें. रक्ताची वाट चालू राहिली म्हणून नाक जगलें. ह्याच रीतीनें १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें नाक बसविलें आणि पुण्याची ही विद्या युरोपभर पसरली.

आज पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांतून चेहऱ्यावर याहून फार सोप्या दिसणाऱ्या क्रिया होतात. त्यांपैकीं ‘डर्मल फिलर’ हें नांव आतां घरोघरीं ऐकूं येतें. फिलर म्हणजे भर घालणारें द्रव्य. तें सुईनें त्वचेखालीं घातलें जातें. चिरफाड नाहीं, टांके नाहींत, अर्ध्या-पाऊण तासांत काम आटोपतें. ह्या सोपेपणामुळेंच पुष्कळांना तें वेणी-फणी किंवा मेंदीसारखेंच एक प्रसाधन वाटतें. समजुतीचा घोटाळा येथेंच होतो.

वय वाढूं लागलें कीं गाल बसतात, डोळ्यांखालीं खळगा पडतो, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी उमटते. त्वचा पातळ व सैल होते एवढेंच त्याचें कारण नाहीं. त्वचेखालची चरबी कमी होते, कांहीं ठिकाणीं खालीं सरकते, आणि चेहऱ्याचीं हाडेंहि हळूहळू झिजतात. उशींतील कापूस कमी झाल्यावर अभ्र्याला जशा सुरकुत्या पडतात, तसाच हा प्रकार होय. अभ्र्यावर कितीहि इस्त्री फिरविली तरी कापसाची उणीव भरून येत नाहीं. त्याचप्रमाणें कोणतेंहि मलम ही पोकळी भरूं शकत नाहीं. फिलर ती भरूं पाहतें. ‘बोटॉक्स’ ही वेगळी वस्तु आहे. तिच्यामुळें स्नायु कांहीं महिने सैल राहतात व कपाळावरच्या आठ्या कमी होतात. तिनें पोकळी भरत नाहीं.

सध्यां सर्वांत अधिक वापरांत असलेलें फिलर हायल्युरॉनिक ॲसिडाचें असतें. १९३४ सालीं कार्ल मायर व जॉन पामर या शास्त्रज्ञांनीं गाईच्या डोळ्यांतील पारदर्शक द्रवांतून तें प्रथम वेगळें केलें. ‘ॲसिड’ हें नांव ऐकून भिण्याचें कारण नाहीं. साखरेच्या रेणूंच्या लांब सांखळ्यांचें तें बनलेलें असून मनुष्याच्या त्वचेंत, सांध्यांत व डोळ्यांत तें जन्मतःच असतें. पाणी धरून ठेवणें हा त्याचा मोठा गुण. नैसर्गिक स्वरूपांत शरीर तें एक-दोन दिवसांतच मोडून टाकतें. म्हणून कारखान्यांत त्याच्या सांखळ्या एकमेकींस जोडून त्याची खळीसारखी घट्ट लापशी करतात. ती साधारणपणें सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकते व मग विरून जाते. हल्लीं हें द्रव्य बहुधा जंतूंच्या साह्यानें आंबवून तयार केलें जातें. त्यासाठीं गाईचा कोणताहि अवयव लागत नाहीं.

इतकें निवळ द्रव्य हातीं येण्यापूर्वीं माणसानें पुष्कळ चुका केल्या. १८९३ सालीं जर्मनींत नॉयबर या शस्त्रवैद्यानें रोग्याच्याच दंडांतील चरबी काढून चेहऱ्यावरचा खळगा भरला. ही वाट शहाणपणाची होती. पण १८९९ पासून व्हिएन्नाच्या गेर्सुनी याच्या पद्धतीनें व्हॅसलीन व पॅराफिनचें मेण टोंचण्याची लाट आली. बसकीं नाकें मेणानें वर आणलीं गेलीं. कांहीं काळानें तें मेण सरकूं लागलें, त्याच्या कठीण गांठी झाल्या, त्वचा सडली. पुण्याच्या कारागिरानेंहि मेणच वापरलें होतें; परंतु त्यानें तें मापापुरतें वापरून बाजूस ठेवलें. युरोपांत तेंच मेण आंत ठेवलें गेलें. त्यानंतर पातळ सिलिकोन आलें, त्यानेंहि अनेकांचे चेहरे बिघडले. १९८१ सालीं अमेरिकेंत गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. पण तें कांहींना सोसत नसे, म्हणून आधीं हातावर चांचणी करावी लागे. हायल्युरॉनिक ॲसिडाच्या फिलरला तेथें २००३ सालीं मान्यता मिळाली. त्याचा मोठा लाभ असा कीं, तें नकोसें झाल्यास हायल्युरॉनिडेज नांवाचें औषध टोंचून विरघळवितां येतें. इतर जातींच्या फिलरांना असा उतारा नाहीं.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा आहे असें म्हणणेंहि योग्य नव्हे. २००४ सालीं महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत सरकारनें एच. आय. व्ही. बाधितांना मोफत औषधें देण्यास प्रारंभ केला. त्यांतील स्टाव्ह्युडिन या औषधानें पुष्कळांचे प्राण वांचले, पण कित्येकांच्या गालांतील चरबी नाहींशी झाली. माणूस कामावर जाऊं लागला, तरी बसलेले गाल त्याचा आजार चारचौघांत सांगूं लागले. पुढें हें औषध मागें पडलें. अशा रुग्णांच्या गालांसाठींच पॉलि-लॅक्टिक ॲसिडाच्या फिलरला अमेरिकेंत २००४ सालीं मान्यता मिळाली. कावसजीचें नाक काय आणि ह्या रुग्णांचे गाल काय, चेहरा परत मिळणें म्हणजे समाजांत परत येणें होय.

आतां धोक्याविषयीं. सूज, लाली, काळें-निळें पडणें हे प्रकार सामान्य असून ते कांहीं दिवसांत ओसरतात. खरा धोका सुईचें टोंक रक्तवाहिनींत शिरण्याचा. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचें दाट जाळें आहे, आणि नाक व भुवयांच्या मधल्या भागांतील वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशीं जोडलेल्या आहेत. फिलरचा कण वाहिनींत अडकला तर पुढच्या त्वचेचें रक्त तुटतें व ती मरूं लागते. तोच कण दाबानें मागें ढकलला जाऊन डोळ्याच्या पडद्याकडे गेला, तर दृष्टि कायमची जाऊं शकते. अशी आपत्ति विरळा, पण ती आल्यास वैद्याच्या हातीं फार तर तास-दीड तास असतो. ज्या भुवयांच्या मध्यें पुण्याच्या कारागिरानें रक्ताचा देठ जपला, तीच जागा आज सुईला सर्वांत धोक्याची मानली जाते.

मुलीच्या लग्नापूर्वीं पुण्यास येऊन गालांत भर घालून घेणारी, जुन्नर तालुक्यांतील पिंपरी पेंढारची एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. काम आटोपून ती संध्याकाळच्या एस. टी.नें निघते. पुणें मागें पडल्यावर गालांत कळा येऊं लागतात, त्वचा आधीं पांढरी व मग जाळीदार जांभळी दिसते. शेजारची बाई म्हणते, “सूज आहे, उद्यां उतरेल.” घर पुण्यापासून नव्वद-शंभर किलोमीटर, तेथें पोंचेपर्यंतच मोलाचा वेळ निघून जातो. असह्य वेदना, पांढरी पडलेली त्वचा, अंधुक दिसणें, ह्यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहावयाची नसते. त्याच क्षणीं वैद्याकडे वळावयाचें असतें. दूरच्या गांवच्या माणसानें तो दिवस व ती रात्र शहरांतच काढावी, हें उत्तम.

भारतांत फिलर हें वैद्यकीय उपकरण म्हणून गणलें जातें. सौंदर्यालयांत विकावयाची ती वस्तु नव्हे. चेहऱ्यावरील अशा क्रिया प्रशिक्षित व नोंदणीकृत वैद्यानेंच कराव्यात, असें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. वैद्याचें नांव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत आहे किंवा नाहीं, हें पाहतां येतें. सुईशिवाय दाबानें फिलर घालणाऱ्या ‘पेन’पासून दूर राहावें, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २०२१ सालीं दिला आहे. गर्भवती स्त्रियांनीं, स्तनपान करणाऱ्या मातांनीं आणि ज्यांच्या त्वचेवर त्या वेळीं पुरळ वा जखम आहे अशांनीं ही क्रिया पुढें ढकलावी.

खुर्चींत बसण्यापूर्वीं तीन प्रश्न मोकळेपणानें विचारावेत. कोणतें द्रव्य घालणार, आणि त्याची बंद कुपी नांवासह दाखविणार काय? रक्तवाहिनी अडली तर हायल्युरॉनिडेज ह्याच खोलींत आहे काय? रात्रीं त्रास झाला तर कोणास व कोठें गांठावयाचें? चांगला वैद्य ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावतो, किंवा “कांहीं होत नाहीं हो” एवढ्यावर बोळवण करतो, त्याच्या दारांतून परत फिरण्यांत कमीपणा नाहीं.

चेहऱ्याची उणीव भरून काढावी कीं तसेंच राहूं द्यावें, हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे. पुण्याच्या त्या अनाम कारागिराजवळ पदवी नव्हती, भूल देण्याचें औषधहि नव्हतें. परंतु नाकाचा आकार मेणानें मापतां येतो आणि त्याचा जीव रक्तावर अवलंबून असतो, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. ज्याच्या हातांत सुई द्यावयाची, त्याला एवढें तरी ठाऊक आहे ना, हें आधीं पाहावें.