वडिलोपार्जित हत्यारांची निगा

पुष्कळ घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वेळचीं सुतारकामाचीं हत्यारें पडलेलीं असतात. रंधा, पटाशी, करवत हीं गंजलेलीं पाहून कोणी तीं मोडींत घालतो, तर कोणी तीं चकचकीत करण्याच्या भरांत त्यांचा नाश करतो. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, काय काढावें व काय राखावें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

लोखंड, प्राणवायु व पाणी यांच्या संयोगानें तांबडा गंज उत्पन्न होतो. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें त्याचे पापुद्रे सुटतात, दमट हवा आंत शिरते आणि क्षय चालूच राहतो. हा गंज काढलाच पाहिजे. परंतु जुन्या पात्यावरील काळसर, घट्ट बसलेला थर बहुधा निरुपद्रवी असतो. तो खरवडूं नये.

पातें मुठीपासून निघत असल्यास वेगळें करून, विस्तवापासून दूर, रात्रभर घासलेटांत बुडवून ठेवावें. सकाळीं सैल झालेला गंज तारेच्या कुंचल्यानें किंवा बारीक काचकागदानें अलगद घासावा. कांहीं जण चिंचेचें पाणी अथवा शिरका वापरतात. पण आम्ल गंजाबरोबर चांगलें लोखंडहि खातें. तेव्हां पातें वरचेवर पाहावें, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें आणि तत्काळ कोरडें करून तेल लावावें.

धार लावण्याची घाई करूं नये. फिरत्या सहाणेवर पातें तापून निळें पडलें, म्हणजे सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत गेलें, कीं त्याचें पाणी उतरतें व धार टिकत नाहीं. सपाट दगडावर तेल किंवा पाणी घालून हातानेंच धार लावावी.

लाकडी मूठ भिजत घालूं नये. ओल्या फडक्यानें पुसून, ती सुकल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. या तेलाचीं फडकीं चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊं शकतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावींत.

मुठीवर अंगठ्यानें पडलेला खळगा, कोरलेलें आद्याक्षर अथवा कारागिराची मुद्रा मात्र घासून टाकूं नये. ती त्या घराण्याच्या श्रमाची नोंद होय. एकदां पुसली कीं पुन्हां लिहितां येत नाहीं.

पावसाळ्यापूर्वीं पात्यांस यंत्राचें तेल लावावें. हाताच्या घामांतील क्षारानेंहि गंज चढतो, म्हणून वापरानंतर हत्यार पुसून ठेवावें. वर्षांतून कांहीं वेळां तरी त्यानें फळी रंधावी. जें हत्यार हातांत येतें, त्यालाच वेळेवर तेल मिळतें.